डाव्या हाताचा रक्तदाब : जन्मजात हृदयदोष आणि एकेचाळिसाव्या वर्षी आलेला पक्षाघात

सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी बहिणीने भावाला फोन लावला. पहिली तीन-चार मिनिटं तो नेहमीसारखा बोलत होता. मग वाक्यं मध्येच तुटायला लागली, शब्द एकमेकांत अडकले, 'हो' म्हणायच्या जागी भलताच शब्द यायला लागला. "दादा, काय बोलतोयस? दादा?" पलीकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला. बहीण दुसऱ्या गावात होती. तिने तो फोन चालूच ठेवला, घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याच्या शेजाऱ्यांना गाठलं आणि रुग्णवाहिका मागवायला लावली.

पक्षाघाताच्या रुग्णाबद्दल आम्ही सगळ्यात आधी विचारतो ते हे, की शेवटचे नीट कधी होते? उत्तर बहुतेक वेळा धूसर असतं. रात्री झोपताना बरे होते, सकाळी चहाच्या वेळी ठीक वाटत होते. इथे बहिणीच्या फोनमध्ये मिनिटांनिशी नोंद होती. गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि वेळ नक्की माहीत नसेल तर पुष्कळदा देताच येत नाही. त्यामुळे या माणसाचं बोलणं आज जितकं परत आलं आहे, त्यातला मोठा वाटा त्या फोनचा आहे.

रुग्णाचं वय ४१, काम हिशेबनिसाचं (ओळख पटू नये म्हणून वय आणि पेशा थोडे बदलले आहेत). मधुमेह नाही, तंबाखू नाही, दारू नाही, चालू औषध एकही नाही. शेजारी त्यांना घेऊन आले तेव्हा बहीण फोनवर होतीच. पूर्वीचा काही आजार, असं विचारल्यावर ती म्हणाली, "लहानपणी हृदयाला भोक होतं. ऑपरेशन करून बुजवलं. तेव्हापासून एकदम ठणठणीत आहे."

या प्रकरणात जे जे चुकत गेलं, ते सगळं त्या 'ठणठणीत' शब्दाच्या आड झालं. तो शब्द बहिणीचा नव्हता. कधीतरी कुठल्यातरी डॉक्टरने आईवडिलांना धीर देताना तो दिला होता, आणि घराने पस्तीस वर्षं जपला होता.

पहिला तास

१० वाजून ५ मिनिटांनी रुग्ण दारात. उजवा हात आणि पाय कमजोर, तोंडाची उजवी बाजू ओघळलेली, सांगितलेलं थोडंफार समजत होतं पण बोलता येत नव्हतं. पक्षाघाताची तीव्रता मोजण्याच्या पट्टीवर ९ गुण. ताप नाही, साखर १०४, नाडी ११८ आणि नियमित, रक्तदाब १२८/७८. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. कागदावर सगळं जुळत होतं. औषधाचा डोस वजनानुसार काढायला घेतला होता.

तेवढ्यात निवासी डॉक्टरने शर्ट बाजूला केला. छातीच्या मधोमध उभा व्रण होता, तो अपेक्षितच. पण उजव्या काखेखालून पाठीकडे वळत गेलेला आणखी एक व्रण होता. नुसतं भोक बुजवायला मधला व्रण पुरतो. मग हा दुसरा कशाचा? तिने उजव्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी जेमतेम लागत होती. डाव्या मनगटावर ठसठशीत. पट्टा डाव्या दंडावर बांधला आणि रक्तदाब आला १९४/१०२.

एकाच माणसाचे दोन हात, आणि रक्तदाबात ६६ चा फरक. आता दोन शक्यता होत्या आणि दोन्ही औषध थांबवणाऱ्या होत्या. पहिली, महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, भिंत आतून चिरली गेली असेल, तर एका हाताची नाडी अशीच मंदावते, मेंदूलाही रक्त कमी पडतं, आणि अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध देणं म्हणजे जिवावर बेतणं. हृदयाच्या काही जन्मजात दोषांत महारोहिणी मुळाशी रुंद झालेली असते, त्यामुळे ही शंका नुसती पुस्तकी नव्हती. दुसरी शक्यता त्या काखेखालच्या व्रणात होती.

त्या व्रणाचा इतिहास १९४४ पासून सुरू होतो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका निळ्या पडणाऱ्या बाळावर शस्त्रक्रिया केली. कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. प्रयोगशाळेत ती तडीस नेली होती व्हिव्हियन थॉमस यांनी, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. हाताकडे जाणारी मोठी रोहिणी कापायची आणि फुप्फुसाच्या रोहिणीला जोडायची, म्हणजे फुप्फुसात जास्त रक्त जातं आणि बाळाचा निळेपणा उतरतो. हात आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्यांवर जगतो. तो वाळत नाही, कामही करतो, पण त्या हातातला रक्तदाब जन्मभर खोटा, कमी येतो. पुढे कृत्रिम नळी बसवायची पद्धत रूढ झाली आणि रोहिणी कापावी लागेनाशी झाली. तरी जुन्या पद्धतीने जोड दिलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करताना छातीपासूनचा भाग घेतला. महारोहिणी धड होती. उजव्या हाताची रोहिणी उगमापासून थोड्याच अंतरावर संपत होती. आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या मुख्य रोहिणीची एक शाखा गुठळीने बंद होती.

औषध देण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली असावा लागतो, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. उजव्या हातावर विसंबलो असतो तर १९४ च्या रक्तदाबावर औषध गेलं असतं आणि कागदावर १२८ लिहिलेलं राहिलं असतं. शिरेतून रक्तदाब उतरवणारं लॅबेटॅलॉल दिलं, डाव्या हाताचा रक्तदाब १७४/९२ वर आला, आणि १० वाजून ५८ मिनिटांनी गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज सुरू झालं. दारापासून सुईपर्यंत ५३ मिनिटं. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी जातात हा हिशेब डोक्यात असताना ती मिनिटं फार जड जातात. तरीही त्यातलं एकही मिनिट वाया गेलं असं मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत पाय उचलू लागले, पट्टीवरचे गुण ३ वर आले. शाखा लांबची आणि बारीक होती, सुधारणा होत होती, म्हणून कॅथेटरने गुठळी काढायला गेलो नाही. चोवीस तासांनंतरच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. पकड सैल होती आणि शब्द सापडत नव्हते. पेन दाखवलं तर ते काय आहे हे त्यांना कळायचं, लिहून दाखवायचे, नाव मात्र ओठांवर यायचं नाही.

११८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॉनिटरचा रात्रभराचा आलेख पाहत होतो. रात्री दहाला ११८. दोनला, गाढ झोपेत, ११८. सलाईनची बाटली गेल्यावर ११८. कूस बदलताना, रक्त काढताना, बहीण भेटायला आली तेव्हा, ११८.

हृदयाचा स्वतःचा ठोका असा नसतो. तो श्वासाबरोबर हलतो, झोपेत उतरतो, भीतीने चढतो. रेघ मारल्यासारखा एकाच आकड्यावर बसलेला ठोका दिसला की समजावं, हा हुकूम हृदयाच्या नेहमीच्या केंद्राकडून येत नाहीये. ईसीजीच्या यंत्राने मात्र छापून दिलं होतं 'सायनस टॅकिकार्डिया', म्हणजे ठोका नेहमीचाच, फक्त जलद. आमच्या टिपणातही तेच उतरलं होतं.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरची, ठोकाही मंदावणारी, गोळी सुरू केल्यावर दुपारी काही सेकंदांसाठी पडदा उघडला. ठोका एकदम ५९ वर आला, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत करवतीच्या दातांसारख्या लाटा स्वच्छ दिसल्या, मिनिटाला २३६. वरचे कप्पे २३६ च्या वेगाने फिरत होते आणि एकाआड एक लाट खाली पोचत होती, म्हणून ११८. क्षणभर चारांतली एकच पोचली, म्हणून ५९. गणित चोख जुळलं.

हे का झालं ते कळायला जन्मदोषाकडे जावं लागतं. घरच्यांच्या तोंडी 'भोक' असलं तरी मूळ दोष होता फॅलोज टेट्रालॉजी. फ्रेंच वैद्य एतियेन-लुई फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणी त्या भोकावर सरकलेली, आणि उजवा खालचा कप्पा जाड, अशा चार गोष्टी एकत्र. १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून ही रचना पहिल्यांदा दुरुस्त केली आणि लाखो मुलांना आयुष्य मिळालं. त्या शस्त्रक्रियेबद्दल मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नाही, हे आधीच सांगतो. पण दुरुस्ती करताना उजव्या वरच्या कप्प्याला चीर द्यावी लागते. चीर भरते, व्रण राहतो. व्रणातून ठोका चालवणारी वीज जात नाही, ती त्याला वळसा घालून जाते. कप्पा लहान असेपर्यंत याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं कप्पा ताणून मोठा झाला की वळसा लांब होतो, आणि एके दिवशी वीज पुढे न जाता त्या व्रणाभोवतीच गोल गोल फिरू लागते.

कप्पा का ताणला, त्याचंही उत्तर त्याच शस्त्रक्रियेत आहे. फुप्फुसाकडची अरुंद वाट रुंद करायला झडपेच्या कड्यावरून ठिगळ लावलं की ती झडप मिटेनाशी होते. रक्त पुढे जातं आणि काही मागे येतं. मुलाला याचा त्रास होत नाही, तरुणालाही फारसा जाणवत नाही. उजवी बाजू वीस-तीस वर्षं हे मुकाट सहन करते.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात टेट्रालॉजी दुरुस्त झालेल्या ५५६ प्रौढांपैकी सुमारे २० टक्क्यांमध्ये वरच्या कप्प्यांतला असा बिघाड आढळला होता. पाचांतला एक. इतक्या सामान्य गोष्टीला यंत्राच्या छापील शब्दामुळे आम्ही एक अख्खी रात्र ओळखलं नाही, याची बोच मला आजही आहे.

पिशवीतली फाइल

तिसऱ्या दिवशी बहीण आईच्या कपाटातली एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिवळी पडलेली कागदपत्रं. पहिल्या वर्षी काखेतून जोड-शस्त्रक्रिया, सहाव्या वर्षी पूर्ण दुरुस्ती, उजव्या वरच्या कप्प्यातून प्रवेश, झडपेच्या कड्यावरून पॅच. सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. शेवटची तपासणी सतराव्या वर्षी. त्यानंतर चोवीस वर्षं एकही कागद नाही.

अपवाद एका पानाचा. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी धडधड होते, जिना चढताना दम लागतो म्हणून एका दवाखान्यात दाखवलं होतं. ईसीजी काढला होता. ठोके ११६, नियमित. यंत्राचा शेरा तोच. रक्तदाब १२४/७६, अर्थात उजव्या हाताचा. कामाचा ताण आहे, काळजी करू नका, असा सल्ला आणि झोपेची गोळी.

मला त्या डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. समोर चाळिशीतला सडपातळ माणूस, म्हणतो लहानपणी ऑपरेशन झालं पण आता ठणठणीत. आमच्या हातून हीच चूक जवळजवळ एक दिवस झाली, त्यांच्या हातून एका भेटीत झाली. पण तिची किंमत पाच महिने वरच्या कप्प्यांत साचत राहिली. जे कप्पे मिनिटाला २३६ वेळा नुसते थरथरतात ते रक्त पुढे ढकलत नाहीत. साचलेल्या रक्ताची गुठळी होते.

पुढे बोलणं थोडं सुधारल्यावर मी त्यांना विचारलं, सतराव्या वर्षानंतर का नाही गेलात? ते बराच वेळ शब्द शोधत होते. म्हणाले, "लहान मुलांचे डॉक्टर... होते ते. मी... मोठा झालो." थांबले. "वाटलं, संपलं."

यात त्यांचं काय चुकलं? मुलांच्या विभागात वयाची मर्यादा होती. मोठ्यांच्या विभागात कुणी नाव पुढे कळवलं नव्हतं. आईवडिलांनी सतरा वर्षं दवाखान्याच्या बाकांवर काढली होती, त्यांनाही ते संपायला हवं होतं. जन्मजात हृदयदोष असलेली मुलं पूर्वी मोठी होत नसत. आता शंभरातली नव्वदहून जास्त प्रौढ होतात, तीही जिथे उपचार मिळतात तिथे, आणि अशा ठिकाणी या दोषासह जगणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठ्यांची संख्या जास्त झाली आहे. पण बालविभाग आणि प्रौढविभाग यांच्यामधल्या फटीत माणसं अजूनही हरवतात.

शून्य गुण

आमच्या चर्चेत एका सहकाऱ्याने रास्त प्रश्न काढला. पाच महिन्यांपूर्वी हा बिघाड ओळखला असता तरी रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं असतं का? अशा वेळी वापरायचा प्रचलित गुणांक म्हणजे चॅड्स-व्हॅस्क. हृदय निकामी होत असेल तर १, रक्तदाब असेल तर १, मधुमेह १, आधी पक्षाघात झाला असेल तर २, असे वय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचेही गुण. चाळीस वर्षांचा पुरुष, यातलं काहीच नाही. बेरीज शून्य. शून्य म्हणजे औषधाची गरज नाही.

इथे दोन चुका एकावर एक बसल्या आहेत. पहिली चूक रक्तदाबाची. इकोमध्ये डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होती आणि डोळ्यांच्या पडद्यावर जुन्या रक्तदाबाच्या खुणा होत्या. पक्षाघाताचा जोर ओसरल्यावरही डाव्या हाताचा रक्तदाब १५० च्या वरच राहत होता. म्हणजे या माणसाला कित्येक वर्षं उच्च रक्तदाब होता, आणि कित्येक वर्षं तो चुकीच्या हातावर मोजून 'नॉर्मल' लिहिला गेला होता. तो शून्य खरा शून्य नव्हता.

दुसरी चूक अधिक खोल आहे. तो गुणांक ज्या रुग्णांवरून बेतला, ते बहुतांशी उतारवयातले, जन्मतः धड हृदय असलेले लोक होते. त्यात व्रण मोजलेला नाही, ठिगळ मोजलेलं नाही, ताणलेला उजवा कप्पा मोजलेला नाही. म्हणून युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शनाचा रोख असा आहे, की हृदयाच्या आतली दुरुस्ती झालेल्या, तसंच निळेपणा असलेल्या किंवा फाँटान (खालचा एकच कप्पा धड असलेल्यांवर करतात ती) शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढाला वरच्या कप्प्यांचा असा बिघाड झाला, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा विचार करावा, गुणांकावर अडून राहू नये. दुरुस्त केलेली टेट्रालॉजी ही मध्यम गुंतागुंतीच्या गटात मोडते. तेव्हा सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, द्यायला हवं होतं' असंच आहे.

गुठळी कोणत्या वाटेने आली?

बिघाड उजव्या वरच्या कप्प्यात होता. उजवीकडची गुठळी फुप्फुसात जायला हवी. ती मेंदूत कशी पोचली?

अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये दोन गोष्टी दिसल्या. डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत धुरासारखं रेंगाळणारं रक्त होतं, गुठळी व्हायच्या आधीची अवस्था. आणि वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक बारीक फट होती. शिरेतून बुडबुडे सोडून त्यांना कुंथायला लावलं की काही बुडबुडे डावीकडे जात होते. शिरेतली गुठळी अशा वाटेने उलट बाजूला जाऊ शकते हे युलियस कोनहाइम यांनी १८७७ मध्येच सांगून ठेवलं आहे.

तरुण डॉक्टरांना ती फट फार भावली. बंद करू या, कारण सापडलं. मी विरोधात होतो. चारांतल्या एका प्रौढात ही फट असते आणि बहुतेकांना जन्मात कळतही नाही. २०१७ मध्ये ज्या चाचण्यांनी फट बंद करण्याचा फायदा दाखवला, त्यांत पक्षाघाताचं दुसरं ठळक कारण नसलेले रुग्ण निवडले होते. इथे ठळक कारण डोळ्यांसमोर फिरत होतं, मिनिटाला २३६ वेळा. फट बंद करून, समाधानाने, रक्त पातळ करणारं औषध न देता घरी पाठवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट ठरली असती. गुठळी डावीकडच्या पिशवीतून आली की उजवीकडून फटीतून, हे सिद्ध करता आलं नाही. पायांच्या शिरा मोकळ्या होत्या. दोन्ही वाटांवर उपाय एकच होता.

फटीमुळे एक गोष्ट मात्र त्याच दिवशी बदलली. त्यांच्या सलाईनच्या प्रत्येक नळीला हवा अडवणारा फिल्टर लावला. इतरांच्या शिरेत गेलेला लहानसा बुडबुडा फुप्फुसात विरून जातो. यांचा मेंदूत जाऊ शकतो. हे काम परिचारिकांचं असतं आणि ते कुणाच्या लेखात येत नाही, म्हणून इथे लिहितो.

धोक्याचा एकूण आवाका सांगणारा एक मोठा अभ्यास कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून २०१५ मध्ये आला. जन्मजात हृदयदोष असलेल्या २९ हजारांहून जास्त प्रौढांची नोंद त्यात होती. १८ ते ६४ या वयात ११ पुरुषांतल्या एकाला आणि १५ स्त्रियांतल्या एकीला पक्षाघात होतो असा त्याचा अंदाज निघाला. गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचं प्रमाण पंचावन्नच्या आत सर्वसामान्यांच्या ९ ते १२ पट होतं. सगळ्यात ठळक धोके निघाले ते हृदय निकामी होत जाणं, मधुमेह आणि नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका. म्हणजे जन्मजात दोषाइतकंच नेहमीच्या, ओळखीच्या आजारांकडे लक्ष द्यायला हवं. चाळिशीतल्या माणसाला बोलता येईना तर घरचे म्हणतात थकला असेल. ज्याच्या छातीवर व्रण आहे त्याच्या बाबतीत घरच्यांनी असं म्हणून वाट पाहू नये, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

सगळ्या दोषांत वाट एकच नसते. महारोहिणी अरुंद असणाऱ्यांत मेंदूच्या रोहिणीला फुगे येऊन रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांचा निळेपणा कायम आहे, त्यांचं रक्त दाट असतं, आणि पूर्वी ते 'पातळ' करायला वारंवार रक्त काढत. १९९६ च्या एका अभ्यासात अशा १६२ प्रौढांपैकी २२ जणांना मेंदूचा झटका आलेला आढळला, आणि त्याचा संबंध उलट रक्त काढण्याशी आणि लोह कमी पडून लहान झालेल्या तांबड्या पेशींशी निघाला. चांगल्या हेतूने केलेला उपाय धोका वाढवत होता. याच रुग्णांना ताप, डोकेदुखी आणि हातापायाची कमजोरी एकत्र आली तर मेंदूत पू झाला आहे का हे आधी पाहावं लागतं.

पुढचे दहा महिने

चौथ्या दिवशी रक्त पातळ करणारी नव्या पिढीतली गोळी सुरू केली. धातूची झडप नव्हती, म्हणून ती देता आली. झडप धातूची असती तर जुन्या पिढीतल्या वॉरफरिनशिवाय पर्याय नव्हता. रक्तदाबाची औषधं सुरू झाली, मोजमाप फक्त डाव्या हातावर.

हृदयाच्या एमआरआयमध्ये उजव्या खालच्या कप्प्याचं आकारमान, शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात, १७६ मिलिलिटर आलं. १६० च्या पुढे गेलं की नव्या झडपेचा विचार करायचा असतो. तिसऱ्या महिन्यात कॅथेटरने विजेचा तो वळसा तोडला. त्याचा एक भाग अपेक्षेप्रमाणे जुन्या चिरेच्या व्रणाला लागून होता. ठोका ११८ वरून ७२ वर आला आणि मॉनिटरवर पहिल्यांदाच श्वासाबरोबर हलताना दिसला. सातव्या महिन्यात फुप्फुसाच्या वाटेवर नवी जैविक झडप बसवली. हृदय उघडलेलंच होतं, म्हणून ती फटही तेव्हाच शिवून टाकली.

गोळी बंद करायची का, असं त्यांनी प्रत्येक टप्प्यावर विचारलं. वळसा तोडला, आता? झडप बसली, फट शिवली, आता? नाही. व्रण आहे, कप्पा अजून मोठा आहे, बिघाड परत येऊ शकतो, आणि एकदा पक्षाघात होऊन गेलेला आहे. त्यांना हे आवडलं नाही आणि मी ते गोड करून सांगितलं नाही. 'आता सगळं संपलं' हे वाक्य त्यांनी एकदा ऐकलं होतं.

वाचा-उपचार रोज चालले. आधी वस्तूंची नावं, मग छोटी वाक्यं, मग आकडे. हिशेबनिसाला सगळ्यात जास्त त्रास आकड्यांचा झाला. सात मनात यायचा आणि तोंडून चार निघायचा. लिहिताना मात्र चूक होत नसे. पाचव्या महिन्यात ते अर्धा दिवस कामावर जाऊ लागले, फोनवरचं काम सोडून.

दहाव्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा पाकिटातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. आम्ही दिलेल्या छापील कार्डावरून त्यांनी स्वतः उजव्या हाताने, जरा वाकड्या अक्षरात उतरवून काढलं होतं. फॅलोज टेट्रालॉजी, दुरुस्ती सहाव्या वर्षी. रक्त पातळ करणारी गोळी चालू. दातांच्या कामाआधी प्रतिजैविक लागतं. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा मारलेली : 'रक्तदाब डाव्या हातावरच मोजावा.' बहिणीच्या फोनमध्ये त्याचा फोटो होता, शेजाऱ्यांच्या फोनमध्येही.

परिचारिका आत आली, सवयीने उजवीकडे वळली. त्यांनी काही न बोलता डावी बाही वर केली.